तंटा, तडजोड आणि तिसरा माणूस
(गोंदिया जिल्ह्याच्या इतिहासाच्या आधारे)

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लढाया येतात, तह येतात, राजांच्या वंशावळी येतात. पण एका घरातल्या दोन भावांत बांधीच्या धुऱ्यावरून वाजले, सून माहेरी गेली ती परत यायला तयार होईना, बापाच्या पश्चात बहिणीने आपला हिस्सा मागितला आणि भावाने तिच्याशी बोलणे टाकले, याची नोंद कोणत्याही बखरीत होत नाही. सामान्य माणसाच्या आयुष्यातली खरी लढाई मात्र हीच असते. ती लोकांनी कशी मिटवली, कोणाला मध्ये घातले, कोणाचे ऐकून घेतले आणि कोणाला गप्प बसवले, हासुद्धा इतिहासच आहे. महाराष्ट्राच्या अगदी पूर्व टोकाला असलेल्या गोंदिया जिल्ह्याकडे या दृष्टीने पाहिले तर आपल्या समाजालाही घेण्यासारखे बरेच काही हाती लागते.

गोंदिया हा तसा नवा जिल्हा. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन तो अस्तित्वात आला. गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी आणि अर्जुनी मोरगाव असे त्याचे 8 तालुके. उत्तरेला मध्य प्रदेश, पूर्वेला छत्तीसगड, दक्षिणेला गडचिरोली. धानाची शेती, तलाव, जंगल आणि तेंदूपत्ता ही त्याची ओळख. येथे मराठीबरोबर हिंदी, पोवारी, गोंडी, छत्तीसगढी अशा अनेक बोली एकाच बाजारात ऐकू येतात. इतकी वेगवेगळी माणसे शेजारी शेजारी राहू लागली म्हणजे भांडणे होणारच. भांडण होणे हा दोष नाही. ते मिटवण्याची रीत समाजाजवळ असणे महत्त्वाचे आहे.

पाण्याची वाटणी

या मुलखातील सर्वात जुनी रीत तलावाच्या काठावर सापडते. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाची माणसे येथे वसली. ते काशीकडून आले अशी परंपरा सांगितली जाते. जंगल तोडायचे, टेकड्यांच्या मध्ये पाळ घालून पाणी अडवायचे आणि त्या पाण्यावर धान व ऊस पिकवायचा, हे त्यांचे कसब होते. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगाव बांध हा मोठा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानतात. त्याशिवाय लहान-मोठे असंख्य तलाव आणि गावोगावच्या बोड्या आहेतच. भंडारा-गोंदियाला तलावांचा प्रदेश म्हणतात ते उगाच नाही.

तलाव बांधणे एक वेळ सोपे, पण पाणी वाटणे अवघड. पावसाने ताण दिला आणि रोवणी केलेले धान सुकू लागले की सख्खा भाऊही वैरी होतो. वरच्या बांधीवाल्याने पाणी अडवले तर खालच्याचे वर्ष बुडते. त्यामुळे या गावांनी भांडण होण्याची वाट पाहिली नाही. पाणी कोणाला आधी, कोणाला नंतर, पाळ फुटली तर दुरुस्तीला घरटी किती माणसे जायची, हे आधीच ठरलेले असे. पाणी सोडण्याचे काम गावाने नेमलेल्या माणसाकडे असे आणि त्याला त्याबद्दल धान्य मिळे. तो ज्याच्या त्याच्या बांधीत पाणी सोडत जाई. शेतकऱ्याने स्वतः फावडे घेऊन पाट फोडायचा नाही असा दंडक होता.

या व्यवस्थेचे फार गोडवे गाण्याचे कारण नाही. मालगुजाराचा शब्द शेवटचा असे आणि गरीब कुळाला त्यापुढे बोलण्याची सोय नसे. पण दोन गोष्टी तिच्यात पक्क्या होत्या. नियम भांडणाच्या आधी ठरलेला होता आणि ज्यांचे हितसंबंध गुंतलेले आहेत त्यांच्या हातात निर्णय नव्हता, तो तिसऱ्या माणसाकडे होता. मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली आणि तलाव सरकारकडे गेले. अनेक ठिकाणी पाण्याचे जुने हक्क, पाणीपट्टी आणि दुरुस्ती यांवरून वाद सुरू झाले. अन्यायी मालक गेला हे योग्यच झाले. परंतु त्याच्याबरोबर तिसऱ्या माणसाची जागाही रिकामी झाली, आणि ती कोण भरणार याचा विचार कोणी केला नाही.

रेल्वेबरोबर आलेली माणसे

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत नागपूरहून छत्तीसगडकडे रेल्वे गेली आणि गोंदियाचे नशीब पालटले. पुढे बालाघाट-जबलपूरकडे व चांद्याकडे फाटे फुटले. लाकूड, तांदूळ आणि तेंदूपत्त्याचा व्यापार वाढला. भात गिरण्या उभ्या राहिल्या, घरोघरी विड्या वळल्या जाऊ लागल्या. या उलाढालीत वेगवेगळ्या प्रांतांतून व्यापारी, कारागीर, रेल्वे कामगार आले. त्यांत मुस्लिम कुटुंबेही होती. संख्येने थोडी आणि मुळाने निरनिराळी. घरात उर्दू-हिंदी, शाळेत व कचेरीत मराठी अशी त्यांची दुहेरी भाषा बनली.

अशा नव्या वस्तीत घरचे भांडण कोण मिटवणार? गावाकडचे वडीलधारे दूर राहिलेले. मग मोहल्ल्यातील जमात, मशिदीचे मुतवल्ली, बिरादरीतील दोन-चार जाणती माणसे यांच्याकडे लोक जाऊ लागले. त्यामागे एक शिकवणही होती. पती-पत्नीत फूट पडण्याची भीती वाटली तर एक मध्यस्थ त्याच्या घरचा आणि एक तिच्या घरचा नेमावा, असे कुरआनच्या सूरह निसामध्ये सांगितले आहे. हे दोघे समेटाच्या इच्छेने बसले पाहिजेत ही त्यातली मुख्य अट. मध्यस्थ घरातलेच असावेत यातला शहाणपणा उघड आहे. घरचे दुखणे परक्यासमोर उघडे करण्याची लाज माणसाला भांडणापेक्षाही जड वाटते.

येथे आपल्या इतिहासातील एक प्रसंग आठवतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे वय 35 च्या सुमारास असताना काबागृहाची पुनर्बांधणी झाली. हजरे अस्वद जागेवर बसवण्याचा मान कोणाचा यावरून कुरैशच्या घराण्यांत तलवारी उपसण्याची वेळ आली. त्यांनी दगड एका चादरीवर ठेवला, प्रत्येक घराण्याच्या प्रमुखाला चादरीची कड धरायला लावली आणि वर उचलल्यावर स्वतःच्या हाताने तो बसवला. कोणी हरले नाही, कोणाची मान खाली गेली नाही. नबुव्वत मिळण्याच्या आधीचा हा प्रसंग आहे. लोकांनी त्यांचे ऐकले ते अमीन म्हणून, म्हणजे विश्वासू माणूस म्हणून. मध्यस्थाची खरी पात्रता हीच.

पंच गेले, कोर्ट आले

इंग्रजी अंमलात ही जुनी चौकट हळूहळू बदलली. नागपूरचे भोसले राज्य 1853 मध्ये खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. 1864 च्या कायद्याने इंग्रजी न्यायालयांतील काजी आणि पंडित यांची पदे बंद केली. 1880 च्या काजी कायद्याने निकाहसारख्या विधींसाठी काजी नेमण्याची सोय केली, पण त्याला न्यायदानाचा अधिकार दिला नाही. तेव्हापासून आपल्याकडचा काजी निकाह लावू शकतो, समजूत घालू शकतो, सल्ला देऊ शकतो. कोणावर हुकूम चालवू शकत नाही. ही गोष्ट मोहल्ल्यात आजही अनेकांना ठाऊक नसते.

स्वातंत्र्याच्या आसपास गावपातळीवर न्याय नेण्याचे प्रयोग झाले. मध्य प्रांत-वऱ्हाडात 1946 च्या पंचायत कायद्याने न्यायपंचायतींची तरतूद केली. 1956 मध्ये भंडारा जिल्हा मुंबई राज्यात आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातही न्यायपंचायती होत्या, पण गावगटांचे राजकारण त्यांच्यात शिरले आणि सत्तरच्या दशकात त्या मोडीत निघाल्या. राहिले पोलीस ठाणे आणि न्यायालय. देवरी किंवा सालेकसाच्या जंगलपट्टीतील माणसाला धुऱ्याच्या वादासाठी तारखेमागून तारखा कराव्या लागल्या. एक दिवसाची मजुरी, गाडीभाडे, वकिलाची फी. वादाची जमीन दोन हात रुंद आणि खर्च दोन बांध्यांचा. निकाल लागेपर्यंत दोन्ही घरांची मुले एकमेकांना ओळखेनाशी होत.

तंटामुक्त गाव

या पार्श्वभूमीवर महाराष्ट्र शासनाने 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. त्यांनीच त्याआधी ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्राम स्वच्छता अभियान राबवले होते. गाव बाहेरून स्वच्छ झाले, आता मनातली घाण काढायची, असा त्यामागचा विचार दिसतो. ग्रामसभेने समिती निवडायची, तिच्यात गावातील प्रतिष्ठित माणसांबरोबर पोलीस पाटील, ग्रामसेवक, तलाठी, हद्दीतील पोलीस कर्मचारी असे लोक घ्यायचे, स्त्रियांनाही स्थान द्यायचे. दिवाणी, महसुली, फौजदारी व इतर अशी तंट्यांची वर्गवारी करून नोंद ठेवायची. फौजदारीपैकी कायद्याने तडजोड करता येते तेवढेच तंटे घ्यायचे. गावाच्या कामाची 200 गुणांवर तपासणी व्हायची आणि पात्र गावाला लोकसंख्येनुसार लाखांच्या घरात बक्षीस मिळायचे.

गोंदिया जिल्ह्यात ही मोहीम उत्साहाने रुजली. गावोगाव समित्यांच्या पाट्या लागल्या. या समित्यांनी एक काम असे केले की जे शासनाच्या कागदावर कदाचित इतके ठळक नसेल, पण लोकांच्या लक्षात राहिले. गोंदिया, भंडारा, गडचिरोली या भागात घरच्यांचा विरोध असलेली प्रेमी जोडपी तंटामुक्त समितीकडे येऊ लागली. समिती दोघांच्या वयाचे दाखले पाही, दोन्ही घरच्यांना बोलावून समजावी आणि त्यांनी रुकार दिला की ग्रामपंचायतीच्या कचेरीत किंवा मंदिरासमोर हार घालून लग्न लावून देई. अनेकदा जोडपे वेगवेगळ्या जातींचे असे. पळून जाणे, पोलिसांत तक्रार, दोन घरांचे जन्माचे वैर, हे सारे एका बैठकीत टळे. ज्या जात पंचायतींनी अशा लग्नांना दंड केले त्याच मुलखात गावाची समिती वऱ्हाडी झाली, हा बदल लहान नव्हे.

यात यश का आले? समितीतील माणूस दोन्ही घरांना ओळखत होता. भांडण जुने होण्याआधी तो दारात जाऊ शकत होता. आणि त्याच्यापुढे झुकले तर कोणासमोर नाक घासले असे होत नव्हते, कारण गावाचा मान राखला असे म्हणता येत होते. चादरीची कड सर्वांच्या हातात देण्याचाच हा प्रकार. पुढे मोहिमेचा जोर ओसरला. आर. आर. पाटील यांचे 2015 मध्ये निधन झाले. काही गावांत समित्या कागदावर राहिल्या. तरी लोकांच्या तोंडी शब्द राहिला. भांडण झाले की आजही तेथे तंटामुक्तीच्या अध्यक्षाला बोलवा असे म्हणतात.

मिटवणे आणि दाबणे

इतके सांगितल्यावर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुण आणि बक्षीस आले की आकडा महत्त्वाचा होतो. किती तंटे मिटले हे मोजता येते. कोणाच्या मनाविरुद्ध मिटले ते मोजता येत नाही. नवऱ्याने मारले म्हणून बाई समितीसमोर आली आणि पुन्हा असे करणार नाही एवढ्या कागदावर तिला परत पाठवले, तर नोंदवहीत तंटा मिटला. तिच्या घरात तो त्या रात्री पुन्हा सुरू होऊ शकतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा 2005 चा कायदा 26 ऑक्टोबर 2006 पासून, म्हणजे या मोहिमेच्या जेमतेम दहा महिने आधी लागू झाला होता. संरक्षण अधिकारी, निवासाचा हक्क, न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश या गोष्टी तिच्यासाठी होत्या. गावाची शांतता तिच्या या हक्काच्या आड येता कामा नये.

काही तंटे तर कधी नोंदवहीत येतच नाहीत, कारण त्यांत एक बाजू बोलतच नाही. बहिणीच्या हिश्शाचे उदाहरण घ्या. इस्लामी कायद्याने मुलीचा वाटा ठरवून दिला आहे. 1937 च्या शरीअत कायद्याने रूढीऐवजी शरीअत लागू करताना शेतजमीन मात्र वगळली. पण कायद्यापेक्षा रूढीच बलवान. बाप गेला की भाऊ बहिणीला तहसील कचेरीत बोलावतो, ती हक्कसोड पत्रावर सही करते, सातबाऱ्यावरून तिचे नाव जाते. बदल्यात ईदला साडी आणि माहेरचे दार उघडे राहील हा भरवसा. तिने नाही म्हटले तर तीच भांडखोर ठरते. असे शेकडो अबोल तंटे आपल्या घरांत आहेत आणि आपण त्यांना घराची शांतता म्हणतो. मेहरची रक्कम माफ करून घेणे हा याच जातीचा प्रकार. जिथे एकाच बाजूला सोडायला सांगितले जाते तिथे सुलह झाली असे म्हणता येत नाही. सुलह म्हणजे दोन्हीकडून काही सुटणे आणि दोघांनाही काही मिळणे.

बरीराचा नकार

समजूत घालण्याची मर्यादा कोठे असावी, याचा दाखला हदीसमध्ये आहे. बरीरा नावाची एक गुलाम स्त्री मुक्त झाली. मुक्त झाल्यावर, गुलामीत झालेला विवाह पुढे चालवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला मिळाला. तिने वेगळे होण्याचे ठरवले. तिचा नवरा मुगीस मदिनेच्या रस्त्यांवरून तिच्या मागे रडत फिरे, त्याची दाढी आसवांनी भिजून जाई. प्रेषितांना त्याची दया आली आणि तिने परत त्याच्याकडे जावे असे त्यांनी सुचवले. ही आज्ञा आहे का, असे तिने विचारले. आज्ञा नाही, मी केवळ त्याची शिफारस करतो, असे उत्तर मिळाले. मग मला त्याची गरज नाही, असे तिने सांगितले. विषय तेथे संपला.

एका मुक्त झालेल्या गुलाम स्त्रीने प्रत्यक्ष प्रेषितांची शिफारस नाकारली आणि तिच्यावर कोणी रागावले नाही. आपल्या जमातीच्या बैठकीत एखादी सून वडीलधाऱ्यांना असे विचारू शकेल का, की तुमची ही शिफारस आहे की हुकूम? विचारले तर तिला उद्धट म्हणणार नाही अशी किती घरे आहेत?

भारतातील न्यायालयेही वेगळ्या वाटेने याच मुद्द्यापाशी आली. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात 2002 मध्ये दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात पूर्णपीठाने आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला शमीम आरा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की तलाकला सबळ कारण पाहिजे आणि त्याआधी दोन्ही घरच्या मध्यस्थांमार्फत समेटाचा प्रयत्न झालेला असला पाहिजे. म्हणजे सूरह निसामधील दोन मध्यस्थ न्यायालयाच्या निकालात येऊन बसले. आपण मात्र त्यांना आपल्या दिवाणखान्यातून उठवून लावले होते. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका दमातील तिहेरी तलाक रद्द ठरवला आणि 2019 मध्ये त्याविरुद्ध कायदा आला. त्यातील तुरुंगाच्या शिक्षेवर आपल्यात मतभेद आहेत आणि ते राहतील. पण त्यातील एक तरतूद लक्षात घेण्यासारखी आहे. या गुन्ह्यात तडजोड होऊ शकते, ती पत्नीच्या इच्छेने आणि न्यायदंडाधिकाऱ्याच्या परवानगीने. तडजोडीची किल्ली तिच्या हातात आहे.

आपण काय करू शकतो?

संसदेने 2023 मध्ये मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला आणि त्यात शेजारपाजारच्या, वस्तीतल्या वादांसाठी तीन मध्यस्थांच्या मंडळाची कल्पना मांडली. तलावाकाठच्या गावाला आणि मोहल्ल्याच्या जमातीला जे ठाऊक होते ते आता कायद्याच्या पुस्तकात आले आहे. कायद्याची वाट न पाहताही प्रत्येक मोहल्ल्याला आपली बैठक सुधारता येईल.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. मुलगी माहेरी येऊन सहा महिने झाल्यावर बसलेली बैठक बहुधा सामानाची यादी करण्यासाठीच असते. पहिल्या आठवड्यात दोन शहाणी माणसे गेली तर ती वेळ टळते. दुसरे, दोघांचे वेगवेगळे ऐकावे आणि बाईचे ऐकायला बाई असावी. सासू-नणंदेसमोर कोणती सून मन मोकळे करील? गोंदियाच्या समित्यांत स्त्रिया बसू शकतात तर जमातीच्या बैठकीत का नाही? हुदैबियाच्या तहानंतर नाराज सहाबी जागचे हलेनात, तेव्हा हजरत उम्मे सलमा (र.) यांचा सल्ला ऐकून प्रेषितांनी कोणाशी न बोलता स्वतः कुर्बानी केली आणि केस उतरवले, आणि मग सारे उठले. तिसरे, जे ठरले ते लिहून ठेवावे, दोघांना वाचून दाखवावे आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारपूस करावी. चौथे, जिथे मारहाण आहे, जिवाची भीती आहे, तिथे बैठक नको, कायदा हवा. त्या बाईला ठाण्यापर्यंत सोबत करणे हेच तिथे मध्यस्थाचे काम.

आणि शेवटी, नकार देण्याचा हक्क. समेट झाला नाही तर मध्यस्थाने आपला अपमान झाला असे मानू नये. खुला मागणारी बाई घर मोडते असे आपण म्हणतो. घर बऱ्याचदा आधीच मोडलेले असते, ती फक्त तसे बोलून दाखवते. चांगल्या रीतीने वेगळे होणे हेसुद्धा तंटा मिटणेच आहे. मेहर द्यावा, मुलांचे ठरवावे, दोन्ही घरांनी एकमेकांना सलाम करण्याइतका संबंध ठेवावा.

रोवणीच्या दिवसांत खालच्या बांधीवाल्याला पाणी मागायला वरच्याच्या दारात जावे लागत नसे, त्याची पाळी ठरलेली असे. घरातील दुबळ्या माणसाला त्याचा वाटा असाच, न मागता आणि न भांडता मिळाला, तर मोहल्ल्यातील निम्मे तंटे बैठकीपर्यंत येणारच नाहीत.